गिऱ्हाइकाच्या हातात काय राहतं?



तिकडे लावणीवाल्या मुलींचा मेकअप उतरायला लागलाय, शेलापागोटे व्हायचेत, आणि मधेच मी उभा. तेव्हा मुलांनो, लांबण लावत नाही.

माझी ओळख करून देताना एक गोष्ट राहिली. डी. फार्म.नंतरचं ट्रेनिंग मी धड केलं नव्हतं. नियम तेव्हाही 500 तासांचाच. किमान तीन महिने, आणि त्यातले 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. माझे बहुतेक तास खोकी फोडण्यात, रॅक पुसण्यात आणि मालकांचा चहा आणण्यात गेले. फॉर्मवर सही मात्र पुऱ्या पाचशेंची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

पुढं स्वतःचं मेडिकल टाकलं. दुसऱ्याच वर्षी, दसऱ्यानंतर, धारूरकडची एक बाई आली. नवरा-बायकोचा कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, रात्री ऊसतोडीला ट्रक सुटणार. जुनी चिठ्ठी दाखवून म्हणाली, "फिटच्या गोळ्या द्या दादा, आहेत तेवढ्या पैशात." मी कात्री घेतली. एक्स्पायरीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहावी म्हणून स्ट्रिप दुसऱ्या टोकानं कापायची, एवढं मी शिकलो होतो. गिऱ्हाइकाच्या हातात काय राहतं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

कारखान्यावर गोळ्या संपल्या. चिठ्ठी ट्रकमधल्या सामानात कुठंतरी हरवलेली. तिथल्या मेडिकलमध्ये तिनं रिकामा तुकडा दाखवला. त्यावर नावाची दोन अक्षरं. दुकानदारानं नकार दिला, त्याचं काही चुकलं नाही. फिटची गोळी एकदम बंद पडली की झटका येण्याचा धोका वाढतो, हे तुमच्या पुस्तकात आहे. तिला तो फडात आला, हातात कोयता असताना.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर ती परत आली. तळहातावर आडवा व्रण. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मला नाय वाचता येत दादा. पर तिथल्या दुकानवाल्याला येत व्हतं की."

त्या दिवसापासून कापलेली स्ट्रिप पाकिटात घालून, वर गोळीचं नाव, मिलिग्रॅम, तारीख आणि माझ्या दुकानाचा नंबर लिहिल्याशिवाय मी काउंटरवरून सोडत नाही. आणि दिवाळीच्या आगेमागे एक प्रश्न विचारतो: फडावर जायचंय का? आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, चार-सहा महिने येत नाहीत. त्यांना महिन्याच्या गोळ्या देऊन "संपल्या की या" म्हणण्यात काय अर्थ आहे? टीबीचा पेशंट असेल तर त्याला जाण्याआधी सरकारी दवाखान्यात पाठवा. टीबीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद असली की उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतात. हे त्याला काउंटरवर सांगणारं माणूस म्हणजे तुम्हीच.

बीडमध्ये ट्रेनिंग करणाऱ्या मुलाला हे यायला हवं. बाकीचं कुठंही शिकता येतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात संधी मिळाली तर सोडू नका. एका सकाळी जेवढ्या चिठ्ठ्या तिथं डोळ्याखालून जातील, तेवढ्या लहान दुकानात आठवड्यात जात नाहीत.

एक हिशेब मात्र आजच करून टाका. पॅरासिटामॉलच्या 125च्या सिरपमध्ये पाच मिलिला 125 मिलिग्रॅम औषध. लहान बाटलीतल्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलिला 100. दहा किलोच्या बाळाला सहा मिलि सिरप सांगितलंय, दुकानात सिरप संपलंय, म्हणून तुम्ही ड्रॉप्स दिले आणि आईनं तेही सहा मिलि पाजले, तर बाळाच्या पोटात 150ऐवजी 600 मिलिग्रॅम जातं. चौपट! बाटली तर दोन्हीकडं तापाचीच. म्हणून बाटली हातात देताना ड्रॉपर उघडून, खुणेवर बोट ठेवून दाखवायचं, आणि मग आईलाच विचारायचं, "आता तुम्ही दाखवा, किती द्याल?" मागं रांग कुरकुरते. कुरकुरू द्या.

प्राचार्यांनी ट्रेनिंगसाठी मुलं घ्याल का असं मघाशी चहाला विचारलं. घेतो. दोन जागा आहेत. वेळ सकाळी नऊ, सही तासांएवढीच मिळेल, आणि चहा मी आणीन.

चला, शेलापागोटे सुरू करा. माझ्या नावाचा असला तर आधी वाचा.