परदेशातील संसाराचा खर्च कोणाच्या खांद्यावर?

(रत्नागिरी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाची संहिता)



खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांना आखाताची ओळख करून देण्याची गरज नाही. ज्या घरातून कोणीच दुबईला, कुवेतला वा जेद्दाहला गेलेले नाही असे घर शोधायचे झाल्यास काही मोहल्ल्यांत बरेच हिंडावे लागेल. तरीही नव्याने निघालेला तरुण आजही एकच प्रश्न विचारतो: पगार किती? त्या आकड्याचे रुपये केले की घरातील सर्वांचे समाधान होते. तेथे राहायला किती लागेल, हा प्रश्न मागाहून, बहुधा पहिल्या महिन्याच्या अखेरीस, सुचतो.

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. ‘दुबईत जगण्याचा खर्च किती?’ असे विचारणे म्हणजे ‘मुंबईत जगण्याचा खर्च किती?’ असे विचारण्यासारखेच आहे. मलबार हिलवरचा की धारावीतला, हे आधी सांगावे लागते. मर्सर नावाची सल्लागार कंपनी जगातील दोनशेहून अधिक शहरांची महागाई दरवर्षी मोजते. न्यूयॉर्क हे तिचे आधारशहर. २०२४ च्या तिच्या यादीत हाँगकाँग पहिले, दुबई पंधरावे आणि मुंबई एकशे छत्तिसावी होती. ही मोजणी कशासाठी होते? बड्या कंपन्यांना आपला अधिकारी परदेशी धाडताना त्याचे राहणीमान घसरू नये म्हणून किती भत्ता द्यावा, हे ठरवण्यासाठी. घरभाडे, मुलांच्या शाळेची फी, वर्षाकाठी विमानाचे तिकीट, हे सारे त्याच्या करारात लिहिलेले असते. अशा माणसाला ‘एक्स्पॅट’ म्हणतात. त्याच विमानातून मागच्या रांगेत बसून आलेल्या प्लंबरला ‘लेबर’ म्हणतात. दोघेही परदेशस्थच. परंतु एकाच्या राहणीचा खर्च शास्त्रशुद्ध रीतीने मोजला जातो, तर दुसऱ्याचा मोजण्याची गरज कोणाला वाटत नाही. शब्दांतला हा भेद वर्गभेद आहे, हे या वर्गात वेगळे सांगायला नको.

आता या दोघांच्या मधल्या माणसाचा हिशेब मांडू, कारण स्थायिक होण्याची उमेद खरी त्याचीच असते. समजा, एका कारकुनाला दुबईत दरमहा चार हजार दिरहाम मिळतात. २०२४ च्या सरासरी दराने हे सुमारे एक्याण्णव हजार रुपये झाले. संयुक्त अरब अमिरातीच्या नियमानुसार चार हजार दिरहाम, किंवा तीन हजार आणि राहण्याची जागा, मिळवणाऱ्यास बायकोमुलांना बोलावता येते. २०१९ पूर्वी या बाबतीत हुद्दाही पाहिला जाई. २०१९ मध्ये ती अट जाऊन मिळकत हीच कसोटी राहिली. म्हणजे कायद्याने आपला कारकून पात्र ठरला.

त्याने दैऱ्यात एका खोलीची सदनिका घ्यायचे ठरवले. भाडे वर्षाला बेचाळीस हजार दिरहाम धरू. आकडा मुद्दाम कमी धरला आहे. दुबईत भाडे महिन्याला देण्याची रीत सर्रास नाही. वर्षाचे भाडे एक, दोन वा चार चेकांत, पुढच्या तारखा घालून, आधीच द्यावे लागते. चार चेक मान्य झाले तर पहिला साडेदहा हजारांचा. घरमालकाकडे अनामत पाच टक्के, म्हणजे एकवीसशे. दलालाची दलाली तितकीच. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी अनामत दोन हजार. बेरीज सोळा हजार सातशे दिरहाम. घरात चूल पेटण्याआधीच चार महिन्यांहून अधिक पगार गेला. पुढचे तीन चेक घरमालकाच्या खणात पडून असतात. न वटलेला चेक ही २०२२ च्या आरंभापर्यंत सरळ फौजदारीची बाब होती, आणि हिशेब चुकल्यामुळे तुरुंग पाहिलेली माणसे याच तालुक्यांतून सापडतील. यापुढे नगरपालिकेचा कर आहे. तो भाड्याच्या पाच टक्के असून वीजबिलातून हप्त्याहप्त्याने वसूल होतो. सारांश, भाडे आणि हा कर मिळून दरमहा ३,६७५ दिरहाम जातात. हातात राहतात तीनशे पंचवीस. त्यांत तिघाचौघांचे जेवण, वीज, बसभाडे आणि शाळा.

कायदा त्याला कुटुंबवत्सल होण्याची परवानगी देतो आणि अंकगणित ती काढून घेते.

शाळेचा उल्लेख आला म्हणून सांगावे लागते. तेथील सरकारी शाळा मुख्यतः नागरिकांच्या मुलांसाठी असतात. भारतीय मूल खाजगी भारतीय शाळेत जाते आणि फी बापाच्या खिशातून जाते. विजेचेही तसेच. अबू धाबीच्या २०१७ च्या दरपत्रकात नागरिकाच्या घराला पहिल्या टप्प्यात युनिटमागे ६.७ फिल्स, तर परदेशी रहिवाशाला २६.८ फिल्स, अगदी बरोबर चौपट. आयकर नाही, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु २०१८ च्या १ जानेवारीपासून पाच टक्के मूल्यवर्धित कर सुरू झाला. तो पगारदाराच्या पहिल्या दिरहामापासून लागतो. ज्याचा सगळा पगार खर्चातच जातो त्याला अप्रत्यक्ष कर सर्वांत जड, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवले जाते.

सौदी अरेबियाने आडपडदाही ठेवला नाही. २०१७ च्या जुलैपासून तेथे परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसावर दरमहा शंभर रियाल आकारणी सुरू झाली. दरवर्षी शंभराची वाढ होत २०२० च्या जुलैत ती चारशेवर गेली. त्याच महिन्यात मूल्यवर्धित कर पाचावरून पंधरा टक्क्यांवर गेला. बायको आणि दोन मुले असलेल्या माणसाला या आकारणीपायी वर्षाला चौदा हजार चारशे रियाल, म्हणजे तीन लाखांहून अधिक रुपये, भरावे लागतात. भाकरीवर कर असतो हे ऐकले होते. बायकोमुलांच्या सहवासावर कर ही कल्पना मात्र नवी. परिणाम व्हायचा तोच झाला. असंख्य कुटुंबे भारतात परतली आणि पुरुष तेथेच, पुन्हा खोलीतला एक बिछाना भाड्याने घेऊन राहिले. कुवेतने २०२४ च्या आरंभी कौटुंबिक व्हिसा पुन्हा खुला केला तो आठशे दिनार पगाराच्या अटीवर. आठशे दिनार म्हणजे दोन लाखांहून अधिक रुपये. अशी अट सुताराच्या, गवंड्याच्या वा ड्रायव्हरच्या संसारासाठी लिहिलेली नसते.

म्हणून दैऱ्यात, सतव्यात ‘बेडस्पेस’ नावाची वस्तू बाजारात आली. खोलीला फळ्यांच्या भिंती घालून तिचे तुकडे करायचे, त्यात दुमजली खाटा लावायच्या आणि एकेक खाट भाड्याने द्यायची. २०२५ च्या जूनमध्ये दुबई नगरपालिकेने अशा बेकायदा फळकुटांविरुद्ध मोहीम काढली. आग लागण्याचा धोका खरा आहे, मोहीम अकारण नव्हती. पण खाटेवरून उठवलेला माणूस कोठे गेला असेल, याचा शोध घेणे हे नगरपालिकेचे काम नव्हते.

या ठिकाणी कोकणच्या माणसाला काही ओळखीचे दिसले पाहिजे. गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत गावकीची वीसवीस माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. गोव्याच्या खलाशांनी धोबी तलावाजवळ आपल्या गावांच्या नावाने ‘कूड’ चालवले. गिरणीकामगार जेवे खानावळीत, आणि मनीऑर्डर जाई गावाला. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टांची नोंद झाली. गिरणीमालकाने दिलेला पगार हा मुळात एका पुरुषाच्या पोटाचा पगार होता. मुले वाढवणे, आजारी पडलेल्याला सांभाळणे, म्हातारपणी पोसणे, हा सारा खर्च कोकणातील वरकस जमिनीवर आणि तेथे राहिलेल्या बाईवर ढकललेला होता.

अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले होते की, मजुरी मजुराचे स्वतःचे पोट भरण्याइतकीच असून चालत नाही, ती त्याहून थोडी अधिक हवी. एरवी त्याला कुटुंब पोसता येणार नाही आणि मजुरांची पुढची पिढीच निपजणार नाही. भांडवलशाहीने या अडचणीतून जी वाट काढली ती स्थलांतराची. श्रम एका देशात घ्यायचे आणि श्रमिकाची पुढची पिढी दुसऱ्या देशात वाढू द्यायची. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींविषयी हॅरोल्ड वोल्प यांनी १९७२ मध्ये आणि त्यानंतर चार वर्षांनी मायकेल बुरावॉय यांनी हीच रचना उलगडून दाखवली. आखाताची रचना तिच्याहून वेगळी नाही. कतारचा कायदा तर ती प्रामाणिकपणे आकड्यांत सांगतो. २०२१ च्या मार्चपासून तेथे किमान वेतन हजार रियाल, आणि मालकाने सोय केली नसेल तर निवासासाठी पाचशे व जेवणासाठी तीनशे. आखातात हे पाऊल पुढचेच म्हटले पाहिजे. अमिरातीत परदेशी कामगारांसाठी असे सर्वसाधारण किमान वेतन ठरलेले नाही. पण हे तीनशे रियाल किती जणांच्या जेवणाचे? एकाच्या.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ‘कोणी त्यांना जबरदस्तीने नेलेले नाही. येथे मिळते त्याच्या तिप्पट मिळते म्हणूनच जातात. त्यांच्या पैशावर घरे उभी राहिली, मुली शिकल्या.’ हे सर्व खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा साडेवीस टक्के, म्हणजे केरळहूनही किंचित अधिक होता. मात्र त्यात अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांचा पैसाही आहे. देशात आलेल्या एकूण रकमेतील आखाती देशांचा वाटा २०१६-१७ मधील सुमारे सत्तेचाळीस टक्क्यांवरून अडतीसवर उतरला आहे. गिरणीकामगारही स्वखुशीनेच बोटीत बसत होता. स्वखुशीने गेलेल्याने आपल्या वेतनाचा हिशेब मागू नये, असे कामगार चळवळीने कधी मानले नाही. मानले असते तर महागाई भत्ता हा शब्दच मराठीत आला नसता.

महागाई भत्त्यामागील इतिहास येथे उपयोगी पडतो. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. कुटुंबवाल्यांचा खर्च आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचा खर्च तीत वेगवेगळा नोंदला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले तेव्हा कामगारांच्या हाती निर्देशांक होता आणि भांडायला आकडा होता. आखातातील भारतीय मजुराच्या हाती असा आकडा नाही. दिरहाम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरतो, दिरहामला २०१४ मध्ये साधारण साडेसोळा रुपये मिळत, २०२४ मध्ये तेवीसच्या आसपास. गावाकडे पगार वाढल्यासारखा दिसतो. परंतु भाडे, जेवण, बसभाडे दिरहामातच द्यायचे असते, आणि दहा वर्षे एकाच पगारावर राबलेल्याला ती वाढ दिसत नाही. रुपयांत जे अधिक आले ते खेडच्या बाजारातील सिमेंटने आणि डाळीने परत घेतले. त्यातच जाण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज. भरती करणाऱ्या एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही, असा भारताचा नियम आहे. प्रत्यक्षात याच्या कित्येक पट मोजणारी घरे या अभ्यासवर्गाला आलेल्यांच्या ओळखीची असतील.

आपले सरकार या बाबतीत काय करते? आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांसाठी ते किमान संदर्भ वेतन ठरवते. साथीच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरात, ते भरमसाट खाली आणले गेले. बहुतेक देशांसाठी ते दोनशे डॉलर केले. नोकऱ्या टिकाव्यात हे कारण दिले गेले. तेलंगणातील कामगारांच्या बाजूने प्रकरण उच्च न्यायालयात गेले, ओरड झाली, आणि २०२१ च्या जुलैत निर्णय मागे घ्यावा लागला. महाराष्ट्रातून त्या दहा महिन्यांत त्या मानाने फारच क्षीण आवाज उठला, ही गोष्ट पक्षाने स्वतःपासून लपवू नये. केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले, पुढे कल्याण मंडळ व निवृत्तिवेतन आणले; तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून स्थलांतराच्या पाहण्या चालवल्या. त्या तोडीची यंत्रणा आपल्याकडे उभी राहिलेली नाही.

तेव्हा मागणी करायची ती संदर्भ वेतन टिकवण्यापुरती पुरेशी नाही. ते कशावरून ठरते, हे जाहीर झाले पाहिजे. ज्या शहरी माणूस जातो तेथील खाटेचे भाडे, जेवण, आजारपण आणि गावातील कुटुंबाचा घरखर्च यांच्या बेरजेवर ते ठरावे आणि दर दोन वर्षांनी तपासले जावे. सरकारकडे असे आकडे नसतील तर ते गोळा करण्याची सुरुवात येथूनच होऊ शकते. प्रत्येक तालुका शाखेने आखातात माणूस असलेली वीस घरे निवडावीत आणि त्यांचा एका वर्षाचा हिशेब मांडावा. तिकडे भाडे किती, जेवण किती, घरी आले किती, शाळेला आणि दवाखान्याला गेले किती. एजंटाला दिलेली रक्कम आणि तिच्यावरील व्याज यांचा रकाना वेगळा ठेवावा. आणखी एक रकाना घरातील बाईने सांगेल तसा भरावा: तो नसताना शेत, म्हातारी माणसे आणि मुलांचा अभ्यास यांसाठी तिचे दिवसाचे किती तास जातात. पुरुषांनी हा रकाना स्वतः भरू नये. त्यांचा अंदाज नेहमीच कमी येतो.