देवळाचे छप्पर
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



छपराचा प्रश्न निघाला तेव्हा ‘स्लॅब टाका, कायमची कटकट मिटेल’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज चूक कबूल करतो. आपल्या कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. सपाट छपरावर पाणी साचले, की भेगेतून मुरते आणि आतले लोखंड गंजते. उतरत्या कौलांवरून ते पागोळ्यांनी निघून जाते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. कौलही भट्टीतलेच, पण धड असेल तर पुन्हा चढवता येते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कारखाना काढला, तेथून ही मंगलोरी कौले किनाऱ्यावर पसरली. उतरवलेली धड कौले आपण पुन्हा घातली, ती याचसाठी.

मात्र कौलाला माणसाचा हात लागतो. वानराने एक कौल सरकवले, की रीप भिजते, मग वासा, मग वाळवी. आपले जुने वासे असेच गेले. पाच-सात कौलांकडे आपण दुर्लक्ष केले, त्याची किंमत देणगीदारांनी भरली.

म्हणून विनंती, की दरवर्षी मृगापूर्वी प्रत्येक वाडीने एक दिवस द्यावा. कोनातला पाला काढावा, फुटके कौल बदलावे, वळचणीचे पाणी पायापासून दूर न्यावे. पुढच्या वाशांसाठी देवराईला हात न लावता आपापल्या आवारात फणस, साग लावावेत.

छप्पर देणगीने उभे राहते, पण टिकते ते शाकारणीने. तेवढी सेवा देवाने आपणा सर्वांकडून करून घ्यावी, हीच प्रार्थना.