श्रोत्याला काय विचारावे?

कीर्तनकाराला समोरची मंडळी दिसत असतात. आख्यान लांबले, की मागच्या रांगेतली माणसे चुळबुळू लागतात, आणि बुवा चतुर असले तर लगेच टाळकऱ्यांना खूण करतात. नभोवाणीच्या निवेदकाला ही सोय नाही. त्याचे शब्द कोणत्या घरात पोचले आणि कोणत्या घरात अर्ध्यावर बंद केले गेले, हे बंद खोलीत बसून त्याला समजत नाही. श्रोतृसंशोधनाचा उगम ह्या अडचणीत आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९३६ साली हे काम रॉबर्ट सिल्व्ही ह्यांच्याकडे सोपविले. १९३९ च्या अखेरीपासून तेथे रोज शेकडो माणसांना विचारले जाऊ लागले, की काल आपण काय ऐकले?

प्रश्न अगदी साधा आहे. परंतु तो ‘काल’ विषयी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘आमचे कार्यक्रम आपल्याला आवडतात का?’ असे कोणी दारात येऊन विचारले, तर आपल्याकडे सहसा कोणी ‘नाही’ म्हणत नाही. पाहुण्याला पाणी द्यावे, तसे होकारही दिला जातो. अशा शंभर होकारांतून केंद्राला काहीही शिकता येत नाही. उलट काल संध्याकाळी रेडिओ कोणी लावला, तेव्हा घरात कोण होते, काय सांगितले गेले आणि त्यावर पुढे काय बोलणे झाले, असे विचारले म्हणजे उत्तर देणाऱ्याला आठवावे लागते. आठवत नसेल तर तेही कळते.

भारतात ह्या विषयाचा एक मोलाचा प्रयोग मराठीतूनच झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. मूळ कल्पना कॅनडाची. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. पुण्याहून दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम प्रसृत झाले. प्रत्येक गावी वीसेक माणसे जमत, अर्धा तास ऐकत आणि मग बोलू लागत. मंडळांच्या शंका पुण्याला कळविल्या जात व त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

ह्या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली केली. श्रोतृमंडळे असलेली वीस गावे घेतली आणि तुलनेसाठी मंडळे नसलेली आणखी वीस. ह्या दुसऱ्या गटातील काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. प्रयोगापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मंडळांच्या बैठकींनाही निरीक्षक जाऊन बसले. श्रोतृमंडळांच्या गावांत माहितीत लक्षणीय भर पडली होती. मंडळ नसलेल्या गावांत ही भर अल्प होती. आणि विशेष म्हणजे, तेथे रेडिओ असण्यानसण्याने फारसा फरक पडलेला नव्हता.

हा निष्कर्ष नभोवाणीच्या माणसांना थोडा बोचणारा आहे. गावात संच आहे आणि आवाज पोचतो आहे, एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला ही पाहणी अडवते. चावडीवर लागलेल्या रेडिओभोवती किती डोकी होती, ही संख्या तशी निरर्थकच ठरते. ती डोकी नंतर एकमेकांकडे वळली का, हे विचारावे लागते. १९५९ पासून श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पण मूळ प्रयोगातील देखरेख आणि प्रश्नोत्तरांची तत्परता त्या विस्तारात टिकली नाही. मंडळे वाढविणे सोपे, त्यांच्या पत्रांना उत्तरे देत राहणे कठीण.

आज हा धडा सर्वांत उपयोगी आहे तो सामुदायिक नभोवाणी केंद्रांना. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली. अशा केंद्राची शक्ती सामान्यतः शंभर वॅट, आणि आवाका फार तर दहा-पंधरा किलोमीटर. तालुक्याच्या एका कोपऱ्यापुरते ध्वनिक्षेपण करणाऱ्या केंद्राने महानगरी वाहिन्यांसारखे टक्केवारीचे तक्ते कशाला करावेत? जाहिरातदार आकडे मागतात हे खरे. तथापि त्यांच्यासाठी केलेली मोजणी आणि कार्यक्रम ठरविण्यासाठी केलेली विचारपूस, ह्या दोन वह्या निराळ्या ठेवलेल्या बऱ्या.

तेलंगणातील झहीराबादजवळच्या माचनूर गावी २००८ साली संघम रेडिओ सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ह्या संस्थेशी निगडित असलेल्या गावोगावच्या दलित शेतकरी स्त्रियांचे हे केंद्र. परवाना मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि फिती संघांच्या बैठकींत ऐकवीत. श्रोते समोरच बसलेले असल्यामुळे कंटाळा, हसू, वाद, सारे जागीच दिसे. कोरडवाहू जमिनीतील तृणधान्ये, जपून ठेवलेले बियाणे, सणांची गाणी, हे विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातले होते, आणि भाषाही त्यांच्या घरचीच होती. येथे बोलणारी आणि ऐकणारी ह्यांत अंतर फार थोडे होते.

मात्र असे केंद्रदेखील बेसावध राहू शकते. बैठकीला येणारे, दूरध्वनी करणारे, फर्माईश पाठविणारे श्रोते आपोआप भेटतात. न येणारे भेटत नाहीत. दूरध्वनी नवऱ्याच्या खिशात असला, तर बायकोचे मत केंद्रापर्यंत येत नाही. म्हणून विचारपूस करणाऱ्याने सडकेवरची घरे सोडून शेवटच्या वस्तीपासून आरंभ करावा. तेथील एखाद्या स्त्रीला आवडीनिवडी विचारण्याआधी तिचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारावा. पाणी कधी येते, चूल कधी पेटते, मजुरीवरून परतायला किती वाजतात? संध्याकाळी सातचा आरोग्यविषयक कार्यक्रम तिने का ऐकला नाही, ह्याचे कारण बहुधा विषयात सापडत नाही. त्या वेळी तिचे हात पिठात असतात आणि संच ओसरीवर पुरुषांपाशी असतो. हंगाम बदलला की हे वेळापत्रकही बदलते. तेव्हा पाहणी वर्षातून एकदा उरकून चालत नाही. पेरणीत एकदा आणि सुगीनंतर एकदा, अशी ती करावी लागते.

आणि ज्यांना विचारले, त्यांना उत्तरही मिळाले पाहिजे. लोकांनी वेळ बदलून मागितली आणि केंद्राने बदलली, तर कोणत्या वस्तीच्या सांगण्यावरून बदलली हे प्रसारणातच सांगावे. बदलता आली नाही, तर कारण सांगावे, आणि तेही त्या स्त्रीला संच ऐकता येईल अशा वेळी.