तिखटाचा दाह आणि आयुर्वेदाचा शीतल मार्ग



वैदर्भीय माणूस आणि तिखट यांचे नाते सर्वश्रुत आहे. तर्री पोहे, पाटवडी रस्सा, वडाभातावरील खमंग फोडणी आणि ज्वारीच्या भाकरीसोबत मिरचीचा ठेचा, यांवाचून वर्धा-नागपूरकडील जेवणाला रंगत येत नाही. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. परंतु याच ताटामागोमाग छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणे आणि पोटात आग पडणे या तक्रारी घराघरांत शिरतात. बोरगाव मेघेसारख्या वर्धा शहराला लागून असलेल्या गावातील व्यापारी कुटुंबाची दिनचर्या या तक्रारींना आमंत्रणच देते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुपारचे जेवण तीनपर्यंत लांबते, सायंकाळी गादीवरच चहा आणि तिखट फरसाण होते, आणि दुकान वाढवून घरी आल्यावर भरपेट जेवून लगेच अंथरूण गाठले जाते. जळजळ सुरू झाली की खिशातील गोळी तोंडात टाकली जाते. गोळीने आजची रात्र निभावते, उद्याचे कारण मात्र तसेच राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मिरची ही मूळची भारतीय नव्हे. ती अमेरिका खंडातील वनस्पती असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर या देशात आली. चरक आणि सुश्रुत यांना ती ठाऊकच नव्हती. त्यांच्या काळचे तिखट म्हणजे सुंठ, मिरे आणि पिंपळी, अर्थात त्रिकटू. त्याचा वापर अग्नी प्रदीप्त करण्यासाठी, मोजून-मापून होत असे. आज मात्र मिरची चिमटीने नव्हे, मुठीने पडते. कटू, आम्ल आणि लवण हे रस पित्त वाढवितात, तर मधुर, तिक्त आणि कषाय रस ते शांत करितात, हा आयुर्वेदाचा सिद्धांत होय. पित्त विदग्ध होऊन आंबले की ‘अम्लपित्त’ होते. काश्यपसंहिता व माधवनिदान या ग्रंथांत त्याचे स्वतंत्र वर्णन आहे.

आधुनिक विज्ञानानेही यावर प्रकाश टाकला आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य शरीरातील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना जागे करते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने 1997 मध्ये दाखविले. या कार्यासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणूनच तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊनही आग शमत नाही, आणि दूध, ताक वा तूप-भाताचा घास मात्र दिलासा देतो. आजीबाईंनी ठेच्याशेजारी तुपाची वाटी ठेवली, ती उगीच नव्हे.

आता उपायांचा विचार करू या. पहिला मान ताकाचा. ग्रहणी आणि अर्श या विकारांत चरकांनी ताकाची महती गायिली आहे. ते ताजे, गोड आणि लोणी काढलेले असावे. जिरेपूड व किंचित सैंधव पुरे. मात्र आंबट ताक पित्त वाढविते. उन्हाळ्यात आणि दाह वा रक्तपित्त असताना ताक देऊ नये, असाही शास्त्राचा निषेध आहे. वर्धेचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना यातील मर्म सांगावयास नको. तसेच झुणका वा पिठल्याबरोबर कच्चे ताक घेतल्यास द्विदलाचा दोष लागतो. अशा वेळी तूप घातलेला मऊ भात हा निर्दोष पर्याय होय.

दुसरा उपाय धन्याचा. धने जाडसर कुटून सहापट पाण्यात रात्रभर भिजवावे आणि सकाळी गाळून खडीसाखरेसह घ्यावे, असा ‘हिम’ शास्त्रात सांगितला आहे. रात्रीचे पाणी ज्यांच्या नियमात बसत नाही, त्यांनी सूर्योदयानंतर धने उकळून, पाणी निववून घ्यावे. जेवणानंतर बडीशेप व खडीसाखर चघळावी. वाळलेल्या आवळ्याचे अर्धा चमचा चूर्ण पाण्यातून घ्यावे. आवळा चवीला आंबट असूनही शीतवीर्य असल्यामुळे पित्तशामक आहे. ज्येष्ठमध गुणकारी खरा, परंतु अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढवितो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळावा. वारंवार सोडा पिण्याची सवयही त्यांना घातकच, कारण त्यात सोडियम असते. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर हे रेचक द्रव्य असते, त्यामुळे ते वैद्यांना विचारूनच घ्यावे. वैद्यांना आपले नियमही आधीच सांगावेत. अनेक औषधे मधातून दिली जातात आणि शतावरीची गणना अनंतकायात होते. वैद्यांना कल्पना असली तर ते दुसरे अनुपान वा औषध सुचवू शकतात.

तथापि या सर्वांहून मोठे औषध संयम हे आहे. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा भाग वायूसाठी मोकळा ठेवावा, असे वाग्भट सांगतात. जिनशासनातील ऊनोदरी तप याहून वेगळे काय सांगते? सूर्यास्तापूर्वी भोजन केल्यास निजेपर्यंत अन्न जठरातून पुढे सरकते आणि आम्ल घशाशी येत नाही. चैत्र व आश्विन महिन्यांतील नवपद ओळीचे नऊ दिवसांचे आयंबिल म्हणजे जिभेला दिलेली विश्रांतीच. मात्र दीर्घ तपाचे पारणे मूगाचे पाणी, मऊ भात अशा सौम्य आहाराने व्हावे. पारण्याच्या उत्साहात तिखट-तळलेले वाढणे हे तपस्व्याच्या जठरावर अन्याय करण्यासारखे आहे. येथून जवळच असलेल्या सेवाग्रामी 1936 पासून वास्तव्य करणाऱ्या महात्मा गांधींच्या एकादश व्रतांतही अस्वाद हे एक व्रत होते, हे स्मरणीय आहे.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. प्रत्येक जळजळ तिखटाची नसते. जठरव्रणाचे एक मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनानेही व्रण होतो. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही दिसल्यास, अथवा दोन आठवडे उपाय करूनही जळजळ न थांबल्यास काढे-चूर्णांत वेळ दवडू नये. छातीतील कळ घामासह आली, हातात वा जबड्यात गेली, तर ती पित्ताची समजून धन्याचे पाणी पीत बसणे जिवावर बेतू शकते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे रुग्णालय जवळ आहेत, तर आयुर्वेदीय चिकित्सेसाठी सालोड (हिरापूर) येथे महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

व्यापारी रोज सायंकाळी जमाखर्च मांडतो. तसाच पोटाचाही मांडावा. तिखट नावे पडले, तर ताक, तूप, धने आणि वेळेवरचे भोजन जमेस यावे. आणि खर्चच आवरला, तर जमेची चिंता उरत नाही. सर्वांना निरामय आरोग्य लाभो, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!