तिकीट कोण ठरवतं?



मतदान करा, असं आपण एकमेकांना नेहमी सांगतो. मी आज त्याच्या आधीच्या पायरीबद्दल बोलणार आहे. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत १२८ जागांसाठी निवडणूक झाली. अशा वेळी पक्ष इच्छुकांच्या मुलाखती घेतात आणि मग एबी फॉर्म एकाच्या हातात पडतो. त्यालाच का, हे मतदाराला कुणी सांगत नाही. म्हणजे नावं आपल्यापुढे येतात तेव्हा निम्मी निवड झालेली असते.

अमेरिकेत ही निवड पक्षाचे मतदार करतात. तिला प्रायमरी म्हणतात. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. जोहरान ममदानी या तरुण आमदाराने माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमो यांना हरवलं. तिकीट बंद खोलीत ठरलं असतं, तर ममदानींचं नाव निघालं असतं का? नोव्हेंबरमध्ये ते महापौरपदी निवडून आले.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. पण मत देणारे पक्षाचेच पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले. लोकसभेला दोन्ही जागा गेल्या आणि त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले.

तेव्हा मला विचाराल तर खरा प्रश्न हा, की यादीत कोण? टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत काळ्या मतदारांना बंदी होती. तिथे त्याच पक्षाचा उमेदवार हमखास निवडून यायचा, म्हणून मुख्य निवडणुकीतलं त्यांचं मत नावापुरतं उरायचं. ही बंदी सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये बेकायदा ठरवली.

आता चाकणकडे बघा. कंपन्यांत शिफ्ट करणारी लातूर, बीड, नांदेडची कितीतरी पोरं अजून गावच्या मतदार यादीत आहेत. उद्या इथे प्रायमरी आली, तरी ती बाहेरच राहतील. म्हणून पहिलं काम, आठ नंबरचा फॉर्म भरून नाव राहत्या पत्त्यावर आणा. दुसरं, जो पक्ष पटतो त्याचे सदस्य व्हा. आणि तिसरं, मुलाखती सुरू होण्याआधी पक्षाच्या बैठकीत उभं राहून विचारा, की उमेदवार ठरवताना आमच्या वस्तीला कधी विचारणार?

मत मागायला सगळेच मोहल्ल्यात येतात. तिकीट ठरवताना आपल्याला कुणी बोलावत नाही. ते बोलावणं आता आपणच मागायचं आहे.