अपुऱ्या कामांची ट्रंक

(मंडळाच्या महिला शाखेच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



"हस्तकलेवर चार शब्द बोला," असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी कोणत्याही एका कलेतील जाणकार नव्हे. माझ्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे आणि तीत अनेक कलांतील अपुरी कामे आहेत. एवढाच माझा अधिकार.

यजमानांच्या बदल्यांमुळे आमचा संसार धारवाड, लखनौ आणि शेवटी तेव्हाचे कलकत्ता असा फिरत राहिला. धारवाडला मी कसुती शिकले. कापडाचे धागे मोजून घालायचे हे टाके. गाठ मारायची नाही, आणि 'गवंती'चे काम दोन्ही अंगांनी सारखेच दिसले पाहिजे. जाताना एकाआड एक जागा रिकामी सोडायची आणि त्याच वाटेने परतताना ती भरायची. इरकलीचा पदर अर्धा झाला आणि बदलीचा हुकूम आला. लखनौला चिकनचे वेड लागले. टेपची, बखिया, मुर्री यांपैकी बखिया मला बरा साधला. मलमलीच्या उलट बाजूने टाके भरायचे आणि सुलट बाजूस त्यांची नुसती सावली उमटू द्यायची. तो कुडताही गळ्यापाशी येऊन थांबला. लोकरीचे विणकाम आणि क्रोशाचे तोरण मध्ये मध्ये चालूच होते. सासूबाई हसून म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

माझी बाजू मांडते. अनेक कामे एकदम हाती असणे हा दोष नव्हे. मात्र प्रत्येकाची वेळ ओळखावी लागते. मोजणीची कसुती सकाळच्या उजेडात आणि एकांतातच व्हावी. दोन उलट, दोन सुलट असे विणकाम गप्पांत किंवा आगगाडीतही होते. एका कामाने अवघडलेला हात दुसऱ्यात विसावतो. आणि नवी कला शिकताना चाळिशीतली गृहिणीही पुन्हा पाटीवर श्रीगणेशा गिरवू लागते, याचा आनंद निराळाच. परक्या शहरात भाषा येण्याआधी शेजारणीशी माझी ओळख झाली ती सुईमुळेच.

ती शेजारीण म्हणजे आमच्या माशीमा. त्यांनी मला कांथा शिकवली. जुन्या साड्या-धोतरांचे थर, साडीच्या काठांतून ओढून काढलेले रंगीत धागे आणि साधा धावदोरा. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमवलेल्या जुन्या कांथा मी जोका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात पाहिल्या. मध्यभागी कमळ, आणि भोवती झाडे, माणसे, हत्ती. कुणा घरंदाज बायकांनी जुनेराच्या चिंध्यांवर एवढे जग उभे केले होते!

माझी आई साताऱ्याकडची. ती एकदा येथे आली असता तिने माझ्या कांथेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली वाकळ!" मग थोडे थांबून म्हणाली, "परमुलखातलं सारं शिकलीस. माझा टाका कधी शिकणार?"

"येत्या मे महिन्यात नक्की," मी म्हटले.

तो मे महिना उजाडण्यापूर्वीच आई गेली. तिची अर्धी गोधडी, अडकवलेल्या सुईसकट, माझ्या ट्रंकेत आली.

आई कडेपासून आत आत शिवत जाई. कोपऱ्यावर ओळ न मोडता ती कशी वळवी, आतले थर गोळा कसे होऊ देत नसे, हे मला ठाऊक नव्हते. तीन प्रांतांतले टाके मी शिकले. घरचा तेवढा गृहीत धरला. कितीतरी दिवस त्या गोधडीला हात लावण्याचा धीर झाला नाही. शेवटी माशीमांनीच ती जमिनीवर पसरली, उलटी केली आणि मागच्या बाजूने आईचे टाके एखाद्या जुन्या पत्रासारखे वाचत मला दाखवले. एका हिवाळ्यात आम्ही दोघींनी ती पुरी केली. माझे कोपरे आईसारखे वळले नाहीत. तिचा हात कोठे संपला आणि माझा कोठे सुरू झाला, ते स्पष्ट दिसते. मी ते उसवले नाही.

तेव्हापासून एक नियम पाळते. नवे काम हाती घेण्यापूर्वी ट्रंकेतले एक जुने बाहेर काढायचे. इरकलीचा पदर असाच पुरा झाला. कुडता अजून वाट पाहत आहे.

मैत्रिणींनो, आपण मुलुख सोडून आलेली माणसे. येथले जरूर शिकावे, मनापासून शिकावे. परंतु घरात आई, सासू, आत्या असेल, तर तिच्याशेजारी आजच बसावे. मे महिन्याची वाट पाहू नये. आणि आपल्या मुलींना, त्यांनी मागितले नाही तरी, एक टाका देऊन ठेवावा. जाताना सुटलेल्या जागा परतताना भरता येतात, हे कसुतीपुरते खरे आहे. आयुष्यात परतीची वाट दर वेळी मिळतेच असे नाही.