‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या आठवणी सांगणारे माझ्याहून अधिकारी वक्ते आज येथे आहेत. मी गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाविषयी बोलणार आहे. आपल्या पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आता सत्तरीच्या आसपास आहेत, तेव्हा विषय अनेकांच्या घरचा आहे.

एक माजी विद्यार्थी कार्यालयात आला. त्याच्या वडिलांना हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांच्या रोजच्या भाषेत सांगायचे तर हृदयाचे ‘पंपिंग’ पंचवीस टक्क्यांवर आले होते. त्याच्या हातात एका परगावच्या दवाखान्याचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. मूलपेशींचे उपचार, खर्च सात लाख, आणि ठळक अक्षरांत ‘पूर्णपणे सुरक्षित’. राहते घर तारण ठेवायची त्याची तयारी होती. मी म्हटले, “अरे, मी भाषेची शिक्षिका.” तो म्हणाला, “म्हणूनच आलो, बाई. आमचे डॉक्टर म्हणतात, हे सिद्ध झालेले नाही. पत्रक म्हणते, सुरक्षित आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात का?”

प्रश्न खरोखरच व्याकरणाच्या तासाला शोभणारा होता. उत्तरासाठी मी दोन महिने वाचन केले, आमच्या दोन डॉक्टर माजी विद्यार्थ्यांना पुष्कळ त्रासही दिला.

मोठ्या झटक्यात हृदयाच्या सुमारे शंभर कोटी स्नायूपेशी मरू शकतात. त्या जागी व्रण उरतो आणि व्रण आकुंचन पावत नाही. हृदय स्वतःला जवळजवळ दुरुस्त करीत नाही. पंचविशीतही वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात, आणि वयानुसार तेही प्रमाण घटते. मग बाहेरून पेशी का घालू नयेत, हा विचार मोहक होता. २००१ साली अमेरिकेतील पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने अस्थिमज्जेतील पेशींनी उंदरांच्या हृदयात नवा स्नायू तयार झाल्याचे जाहीर केले आणि जगभर रुग्णांवरील प्रयोगांना जोर आला. २००४ साली इतर प्रयोगशाळांना तसा स्नायू आढळला नाही. पुढे २०१८ मध्ये हार्वर्ड व तेथील ब्रिगहॅम रुग्णालय यांनीच अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे एकतीस निबंध मागे घेण्याची शिफारस केली, कारण त्यांतील माहिती बनावट किंवा फेरफार केलेली होती. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला आपण त्या दिवशी पकडतो. येथे मध्ये बरीच वर्षे गेली आणि तेवढ्या काळात खरे रुग्ण त्या आशेवर चालले.

आता सुरक्षिततेकडे वळते. येथे ‘मूलपेशी’ हा एकच शब्द अनेक वेगळ्या गोष्टींना लावला जातो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतील पेशी वाढवून त्याच्याच हृदयात घातल्या. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे शरीर त्या नाकारण्याचा प्रश्न नव्हता. तरीही पहिल्या दहा रुग्णांपैकी चौघांच्या ठोक्यांची लय पुढे धोकादायक रीतीने बिघडली आणि त्यांना विजेचा धक्का देणारे यंत्र बसवावे लागले. शेजारच्या पेशींशी विद्युत्-संबंध न जुळलेला स्नायू सुरात न गाणाऱ्या मुलासारखा असतो. फरक एवढाच की समूहगीतात तेवढ्याने कोणाचा जीव जात नाही. ‘तुमच्याच पेशी आहेत, अपाय कसा होईल?’ हे माहितीपत्रकातील वाक्य त्या चार रुग्णांपुढे टिकत नाही.

अस्थिमज्जेच्या पेशींची कथा निराळी आहे. त्या हृदयात फार काळ टिकत नाहीत, स्नायूही बनत नाहीत; बहुधा म्हणूनच त्यांचा मोठा अपायही दिसला नाही. पण लाभाचे काय? जर्मनीतील हॅनोव्हर येथे झटका आलेल्या साठ रुग्णांपैकी निम्म्यांना या पेशी दिल्या. सहा महिन्यांनी त्यांचे पंपिंग सरासरी ६.७ अंकांनी वाढले, इतरांचे ०.७ अंकांनी. येथेच वही मिटली असती तर विजय जाहीर झाला असता. ती मिटली नाही, आणि अठरा महिन्यांनी दोन्ही गटांतील तो फरक टिकला नव्हता. २०१५ साली अशा ४१ चाचण्यांतील २,७३२ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही लाभाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५३७ रुग्णांवर सरासरी तीस महिने लक्ष ठेवले होते. दात्यांच्या अस्थिमज्जेतून वेगळ्या काढलेल्या पेशी सुरक्षित ठरल्या, परंतु हृदय थकल्यामुळे पुनःपुन्हा रुग्णालयात यावे लागणे कमी झाले नाही. त्या चाचणीत निम्म्या रुग्णांवर केवळ प्रक्रियेचा देखावा केला होता. आपल्याला काय मिळाले हे ठाऊक नसताना वर्षानुवर्षे तपासणीला येणाऱ्या त्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो.

तिसरा प्रकार अधिक आशेचा आणि अधिक जपण्याचा. जपानचे शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशीला पुन्हा मूलावस्थेत नेण्याची रीत शोधली. २०१२ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. अशा पेशींपासून धडधडणारा हृदयस्नायू खरोखर तयार होतो, आणि २०२० च्या जानेवारीत ओसाका येथे त्याचे पातळ पापुद्रे प्रथमच रुग्णाच्या हृदयावर बसवले गेले. परंतु जी पेशी टिकते, तिचा धोकाही टिकतो. त्यांत एखादी अपक्व पेशी राहिली तर गाठ होण्याची भीती असते. दुसऱ्याच्या पेशी असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, त्यांतून संसर्ग संभवतो. गाठ सहा महिन्यांत दिसेलच असे नाही. म्हणजे उपचार जितका खरा, तितकी नोंदवही अधिक काळ उघडी ठेवावी लागते.

मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. निर्जंतुक सलाइनचे इंजेक्शनही बहुधा सुरक्षित असते. मात्र ‘पूर्णपणे’ हे क्रियाविशेषण कोणत्याही चाचणीच्या निष्कर्षात मला सापडले नाही. आपल्या देशात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. सात लाखांचा आकडाच पुरेसा बोलका होता.

आम्ही दोघांनी बसून त्या दवाखान्याला मराठीत विचार करून इंग्रजीत पत्र लिहिले. चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता? नीतिविषयक समितीची मान्यता कोठे आहे? पाच वर्षांनी आमच्या वडिलांची नोंद कोण ठेवणार? उत्तर दूरध्वनीवर आले: प्रत्यक्ष येऊन भेटा, सवलत देऊ. लेखी काहीही आले नाही.

घर तारण गेले नाही. वडिलांची नेहमीची औषधे चालू आहेत, मीठ कमी केले आहे, रोज सकाळी वजनाची नोंद होते. पंपिंग अजून पंचवीसच आहे. मुलाने मला तेही सांगितले, आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. आज ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले आहेत. एक जिना चढताना दोनदा थांबावे लागते, म्हणून त्यांची खुर्ची आम्ही दाराजवळ ठेवली आहे.